कारवी की शेकरू? एकाच रानातले दोन हिशेब

घाटमाथा

फेब्रुवारीत चार दिवस आजोळी होते. गाव आंबेगाव तालुक्यात, घाटाच्या कडेला. भीमाशंकरचं रान तिथून हाकेवर. मामाच्या घराच्या पुढच्या भिंती विटांच्या झाल्या, मागची अजून कारवीच्या कुडाची आहे, शेणमातीने लिंपलेली. मामी तिला हात लावू देत नाही. "उन्हाळ्यात सगळी तिकडंच निजाया येता ना?" एवढंच म्हणते.

मामेभाऊ पर्यटकांना शेकरू, म्हणजे झाडावरची ती मोठी खार, दाखवायला नेतो. एका सकाळी मीही त्या घोळक्यात घुसले. तासभर माना वर करून काही नाही, आणि मग अचानक दिसलं. मागच्या दोन पायांनी फांदी पकडून उलटं लटकलेलं, पुढच्या पंजांत कसलंसं फळ गोल गोल फिरवत कुरतडत होतं. ती लांबलचक शेपूट फांदीच्या पलीकडे सोडलेली, तराजूचं दुसरं पारडं असावं तशी. खाली सालीच्या कपच्यांचा भुरभुर पाऊस. एक कपची माझ्या ओढणीवर पडली, तिच्यावर दातांच्या दोन शेजारी शेजारी खाचा होत्या. जपून आणलीय.

सगळ्यांचे फोटो झाल्यावर एका काकूंनी विचारलं, "ही खालची झुडपं कसली हो?" भाऊ म्हणाला, "कारवी. आत्ता काय नाय त्यात बघण्यासारखं."

संध्याकाळी हे मामाला सांगितलं तर तो उखडलाच. "काय नाय कसं? तुझ्या आईचं लगीन कारवी फुलली त्या सालचं. तू पुढच्या फुलोऱ्याच्या दोन सालं आधीची. आजा गेला तो बी फुटायच्या पावसात." आमच्या घरात जन्मतारखा कुणाला आठवत नाहीत, पण कारवी सगळ्यांना आठवते.

तेव्हापासून ही दोघं डोक्यातून जात नाहीयेत. रान तेच, पाऊस तोच, पण संसार किती उलटे! कारवी सात वर्षं नुसती पानं काढते. आठव्या वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा-निळा होतो, मग फळं धरतात आणि ती मरते. पुढच्या पहिल्या पावसात वाळलेली बोंडं भिजली की तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. लहानपणी एकदा तो आवाज ऐकलाय. छपरावर कुणी मूठमूठ हरभरे टाकतंय असं वाटलं होतं. उलट शेकरू एका वेळी एखाद-दुसरं पिल्लू वाढवतं, आणि जगलं-वाचलं तर पुढच्या हंगामात पुन्हा.

म्हणजे एकीने पै-पै साठवून एकाच लग्नात सगळं उडवायचं, आणि दुसऱ्याने आयुष्यभर भिशी भरायची. यात शहाणं कोण? आणि रानाला काही झालं तर आधी कोण बुडेल?

मी_पामर

पहिला! चहा घेऊन बसलोय.

पण मूळ मुद्दा: झाडाची आणि जनावराची तुलना म्हणजे पुरणपोळी आणि एसटीची तुलना झाली की. कशाच्या आधारावर करायची?

घाटमाथा

@मी_पामर, पुरणपोळीला आणि एसटीला पोरं होत नाहीत. या दोघांना होतात. तेवढा आधार पुरे आहे :)

रानभैरी

छान लिहिलंय. फक्त एक दुरुस्ती, कारवी १२ वर्षांनी फुलते. मुन्नारला आम्ही २०१८ मध्ये मुद्दाम गेलो होतो.

डॉ. कुरमुरे

@रानभैरी, तुम्ही पाहिलीत ती नीलकुरिंजी. कारवीची चुलत बहीण म्हणा. तिचं चक्र १२ वर्षांचं, म्हणून २००६ आणि नंतर २०१८. आपल्या कारवीचं ८ वर्षांचं. मुंबईकरांसाठी सोपा पुरावा म्हणजे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: २००८, २०१६, २०२४. कासच्या पठारावर जी बुटकी, गोल टोपलीसारखी दिसते ती टोपली कारवी. ती ७ वर्षांची. आणि प्रत्येक डोंगराचं साल एकच असतं असंही नाही. बोरिवलीत फुलली म्हणून भीमाशंकरला जाल तर हात हलवत परत याल.

चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबवतो. १९४४ मध्ये ब्रेमेकँप नावाच्या डच वनस्पतितज्ज्ञाने या मोठ्या कुळाची फोड करताना आपल्या झुडपाला स्वतंत्र प्रजातीनाम दिलं: कार्विया. म्हणजे आपल्या डोंगरातल्या माणसांचा शब्द थेट लॅटिनमध्ये. पुढे ते नाव मागे पडलं, आज बहुतेक जण 'स्ट्रोबिलँथिस कॅलोसा' असंच लिहितात. मला मात्र कार्विया गेल्याची हळहळ आहे.

आता धागाकर्तीचा प्रश्न. सगळं एकदम उधळणं हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे एक जुना तर्क आहे. १९७६ मध्ये डॅनियल जॅन्झन यांनी तो बांबूच्या बाबतीत मांडला. बी खाणारे किडे, उंदीर, पाखरं दरवर्षी टपलेलीच असतात. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं तर ती थोडं थोडं करून सगळं फस्त करतील. सात वर्षं काहीच दिलं नाही तर त्या बियांवर कुणाला पिढ्या पोसता येत नाहीत. आठव्या वर्षी इतकं द्यायचं की खाऊन खाऊन पोटं फुटली तरी उरलं पाहिजे. गावजेवणात वाढप्याचे हात थकतात पण भात संपत नाही, तसं.

यात खरी शिक्षा होते ती चुकारांना. एखादं झुडूप सहाव्या-सातव्या वर्षीच फुलतं. असं दिसतं अधूनमधून. त्याच्या बियांवर मग सगळ्या रानाची नजर.

आजीचीगोधडी

कुरमुरे सर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

मी महाबळेश्वरकडची. आमच्याकडे कारवी फुलली की चर्चा फुलांची कमी, मधाची जास्त. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, गेळ्याचा मध हे नेहमीचे. कारवीचा मध त्या सालचा. जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, तिथल्या कुणालाही विचारा. आणि फुलोऱ्यातून चालून आलात की अंगाला तो चिकटा लागतो ना, तो साबणाने एका धुण्यात जात नाही. माझ्या एका पांढऱ्या कुर्त्याची बाही कायमची गेली. फोटोत हे येत नाही.

सह्यवेडा

कारवीचं कौतुक चाललंय, शेकरूची बाजू कुणीतरी मांडा की राव! मी मांडतो.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं. साधारण १३० चौ. किमी, पुणे, ठाणे आणि रायगड तीन जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरूचं घर म्हणूनच त्याची ओळख. इथल्या शेकरूचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केलं आणि नाव दिलं ते मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनसाहेबाचं! म्हणजे झुडपाला मराठी नाव आणि आपल्या राज्यप्राण्याला गोऱ्या साहेबाचं. घ्या. (इथल्या शेकरूला वेगळी उपजात मानावं का, यावर तज्ज्ञांत दुमत आहे. त्यात मी पडत नाही.)

वजन दीड ते दोन किलो, आणि शेपूट धडापेक्षा लांब. एवढं धूड एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंत झेप घेतं. जमिनीवर क्वचितच उतरतं. सगळा मामला वरच्या मजल्यावर. १९८० च्या दशकात रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरला राहून शेकरूच्या खाण्यावर काम केलं. फळं, बिया, फुलं, कोवळी पानं, साल असं ऋतूप्रमाणे ताट बदलत राहतं. कारवीसारखं 'आठ वर्षांनी बघू' हे याला परवडणारं नाही. रोज दुपारच्याला काहीतरी पाहिजेच.

म्हणून मला वाटतं शेकरूचा हिशेब जास्त कठीण. कारवीला उतार पुरतो. शेकरूला वेगवेगळ्या महिन्यांत फळणारी वेगवेगळी झाडं पाहिजेत, आणि तीही एकमेकांना फांद्या लावून उभी.

मी_पामर

शेकरू म्हणजे ती उडणारी खार ना? रात्रीची फिरते ती?

सह्यवेडा

@मी_पामर, नाही हो. उडती खार वेगळी. तिच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो, ती रात्री तरंगत जाते. शेकरू दिवसाचा प्राणी. याला पडदा-बिडदा नाही. नुसती उडी.

तिलारीकाठचो

तुमचा शेकरू पुण्याक गोड दिसता. आमच्या दोडामार्गाक येवन बघा. शहाळ्याक भोक पाडून पाणी पिता आणि सकाळी माडाखाली सडो. भिशी भरता खंयची, दुसऱ्याच्या भिशीतसून काढून खाता!

प्रमाण मराठीत लिहायचं तर: मला प्राणी आवडतो. पण ज्याच्या बागेत तो येतो त्याच्यासमोर 'राज्यप्राणी' हा शब्द जरा हळू उच्चारा. वरचं रान तुटलं, मधे मधे मोकळं झालं, की तो खाली बागायतीत येतो. कारवी कधी कुणाच्या बागेत येऊन नुकसान करत नाही, हा तिचा एक गुण वर कुणी सांगितला नाही.

घाटमाथा

@तिलारीकाठचो, हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. झुडूप जिथं आहे तिथं मरतं. जनावर मरायच्या आधी शेजाऱ्याच्या दारात येतं. त्यामुळे शेकरूची अडचण दिसते, तिच्यावर तक्रार होते, पंचनामा होतो. कारवीचा उतार गेला तर तक्रार करायला कोण येणार?

पिंपळपान८२

कारवी राज्यफूल का नाही? ताम्हण सुंदर आहे मान्य, पण ती शहरातल्या रस्त्यांवर पण लावतात. कारवीसारखी दुसरी...

संपादक मंडळ

धागा राज्यफुलाकडे नेऊ नये. ताम्हण-प्रेमींना आवरताना मागच्या वेळी आमच्या नाकी नऊ आले होते. वेगळा धागा काढावा.

उंडगा_पतंग

झाड आणि जनावराची तुलना करता येते का, असं वर कुणीतरी विचारलं. मी नोकरीनिमित्त ऐजॉलला तीन वर्षं होतो. तिकडे ही तुलना शाळेतल्या पोराला विचारलीत तरी सांगेल, कारण तिच्यापायी माणसं उपाशी राहिली आहेत.

मिझोरामच्या डोंगरांत 'मौतक' नावाचा बांबू मैलोन्मैल आहे. साधारण ४८ वर्षांनी सगळा एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. त्या सालाला मिझो लोक 'मौताम' म्हणतात. ताम म्हणजे दुष्काळ. फळ चांगलं पेरूएवढं, गरदार. कुरमुरे सरांचं गावजेवण म्हणतात ते हेच. पण जेवायला येतात उंदीर, आणि उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. जेवण चालू असतानाच पाहुणे दुप्पट, चौपट. बांबूची फळं संपली की हे सगळे भातशेतीत. १९५९ ला तेच झालं. मदत वेळेवर आली नाही म्हणून लोकांत राग साठला. दुष्काळात मदतीसाठी जी संघटना उभी राहिली होती तीच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली, १९६६ ला बंड झालं, आणि करार व्हायला १९८६ उजाडलं. एका बांबूच्या फुलोऱ्याचा धागा कुठवर गेला बघा. पुढचा मौताम २००७ च्या आसपास आला तेव्हा सरकारने आधीपासून तयारी केली होती. उंदराची शेपूट आणून द्या, पैसे घ्या, अशी योजनासुद्धा होती.

माझे घरमालक दोन्ही मौताम पाहिलेले. अंगणात एक बांबूचं बेट होतं, त्याच्याकडे ते संशयाने बघत.

डॉ. कुरमुरे

@उंडगा_पतंग, वा! आणि बघा, यातून आपल्या दोघांचाही उलगडा होतो. एकदम आलेल्या सुगीचा फायदा कोण घेतं? ज्याची वीण झटपट वाढते तो. उंदीर घेतो. शेकरूपुढे उद्या डोंगरभर फळं ओतली तरी ते एका हंगामात पन्नास पिल्लं काढू शकणार नाही. त्याचं शरीर त्या घाईसाठी घडलेलंच नाही. सुगी आली तरी तेवढीच पिल्लं, आणि म्हणूनच पडझड झाली की भरून यायलाही वेळ लागतो. हळू चालणाऱ्याला ठेच लागली की पोचायला उशीरच.

सह्यवेडा

मोजदादीचा मुद्दा राहिला. शेकरू मोजायला लोक घरटी मोजतात. काड्या-पानांचे मोठे गोळे, उंच शेंड्याला, वाऱ्यावर हलणारे. पण एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. काही झोपायला, एखादं पिल्लांसाठी, काही नुसती जुनी पडलेली. तेव्हा दहा घरटी दिसली म्हणून दहा शेकरू समजलात तर फसलात.

घाटमाथा

@सह्यवेडा, आणि कारवीत याच्या उलटी फसगत! बोंडं फुटल्यावरच्या पावसाळ्यात तुम्ही त्या उतारावर गेलात तर काय दिसेल? उभ्या वाळलेल्या काड्या आणि त्यांच्या बुडाशी बोटभर रोपं. वरवर पाहणारा म्हणेल, 'मेलेलं झुडूप आहे, उतार मोकळाच आहे.' खरं तर तेव्हा तिथं कारवीची सर्वांत जास्त माणसं हजर असतात (माणसं म्हणजे रोपं हो). आणि सगळी एकाच वयाची. शेकरूंच्या रानात आजी, आई, नात एकाच वेळी नांदतात. कारवीच्या उतारावर म्हणजे एकाच वर्षी शाळेत घातलेला वर्ग, थोरलं कुणीच शिल्लक नाही. मला यातच तिची खरी मेख दिसते. शेकरूचं एक साल वाईट गेलं तर थोरली पुढच्या साली बघून घेतात. कारवीचं आठवं साल वाया गेलं तर बघून घ्यायला कोण उरतं?

वाटाड्या_नाना

इतका वेळ वाचत होतो. आता न राहवून.

ताई, तुमच्या मामांचा कुड कशाचा? कारवीचाच ना? गावकरी ती तोडतात फुलायच्या आधी. मग तुमचा हा आठव्या सालाचा गहिवर कुठे बसतो? शहरी माणूस फुलोऱ्याला फोटो काढायला जातो, ओंजळभर फुलं तोडून आणतो आणि मग गावातल्या माणसाला संवर्धन शिकवतो, असं होऊ नये. वाईट वाटून घेऊ नका, पण बोललं पाहिजे.

घाटमाथा

@वाटाड्या_नाना, वाईट कसलं, बरोबर बोललात. काल रात्री मामाला फोन करून हेच विचारलं. आधी हसला. मग म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते:

"आम्ही बोटाएवढी जाड झालेली निवडून काढतो. सपाटीची. कड्याकडची कोण काढायला जातोय, पाय घसरला म्हंजी? ती तशीच ऱ्हाती. आन फुलून वाळली की ठिसूळ होती, कुडाला कामाची नाय, चुलीत घालायची. पर बोंडं फुटल्याबिगर चुलीतबी नाय घालीत आमी."

मी विचारलं, असा नियम आहे का? तर म्हणाला, "नियम कशाला? बोंडं असलेली काडी चुलीत घातली तर घरभर फटाके!" मी त्यात काही मोठं शहाणपण शोधत होते, निघाले फटाके. आणि आता पूर्वीइतकी काढतही नाहीत, गावात मागची भिंत कुडाची असलेली चारच घरं राहिलीत.

मामाला भीती तोडणीची नाही, वणव्याची वाटते. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात सगळा उतार वाळून कोळ झालेला असतो आणि बी अजून बोंडातच. पाऊस यायला तीन-चार महिने. त्या चार महिन्यांत कुणी बिडी टाकली की आठ वर्षं गेली.

सह्यवेडा

वणव्याचा मुद्दा +१. शेकरूचं म्हणाल तर त्याच्या बाबतीत आगीपेक्षा मला करवत भारी वाटते. एखादी वाट रुंद करताना दोन्ही बाजूंची दहा-पंधरा झाडं जातात. कागदावर दहा-पंधराच. पण वरून एकमेकांत गुंतलेल्या फांद्या सुटतात आणि सहा मीटरची उडी मारणाऱ्यासमोर बारा मीटरचं आकाश येतं. खालच्या कारवीला मात्र त्याच वाटेच्या कडेला ऊन मिळतं आणि ती फोफावते. म्हणजे एकच तोड, एकाला पथ्यावर, दुसऱ्याच्या मुळावर. दोघांना एकाच पाटीवर 'वन्यजीव' म्हणून रंगवून टाकतात तेव्हा हे कुठे दिसतं?

आजीचीगोधडी

घाटमाथा, ती दातांच्या खाचांची कपची आहे म्हणालीस ना, तिचा फोटो टाक की.

घाटमाथा

टाकते. पुस्तकात ठेवली होती, मुलाने बुकमार्क समजून कुठेतरी हलवलीय. शोधतेय.

रानभैरी

तुमच्या मामांकडची पुढची कारवी कधी? बारा नाही, आठ. लक्षात ठेवलंय आता :)

घाटमाथा

मामा म्हणतो अजून तीन पावसाळे. मामी म्हणते दोन. गेल्या वेळी मामी बरोबर निघाली होती.

मी_पामर

मामा-मामींकडे राहायची सोय होते का? आणि जायचं कसं? (एसटी चालेल. पुरणपोळीही.)

घाटमाथा

@मी_पामर, पुण्याहून भीमाशंकरची एसटी मंचर, घोडेगाववरून जाते. पुढचं व्यक्तिगत निरोपात कळवलंय. कुडाच्या खोलीत झोपायचं असेल तर मामीला आधी सांगावं लागेल, उन्हाळ्यात तिथं नंबर लागतात.